उणे म्हणजे कमजोर नव्हे! मनीलाइनचे आकडे वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत रविवारी संध्याकाळी सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना सुरू होतो, तेव्हा कोल्हापुरात सोमवारचे पहाटेचे पाच वाजलेले असतात. दूधवाल्यांच्या फेऱ्या सुरू होत असतात आणि आमच्या घरात भाचा मोबाइलला डोळे लावून बसलेला असतो. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलवर वाढलेलं पोरगं, पण आता त्याला त्या हातानं खेळायच्या फुटबॉलचंही वेड लागलंय. एकदा पडद्यावर एका संघापुढं −१५० आणि दुसऱ्यापुढं +१३० असे आकडे आले. भाचा म्हणाला, "मामा, मॅच सुरू व्हायच्या आधीच ह्यांचे दीडशे गुण कापले काय?"

हसण्यासारखं काही नाही. ते आकडे मनीलाइनचे, म्हणजे पैजेच्या भावाचे होते. मी गणित शिकवतो, तरी ह्या आकड्यांत माझाही पाय घसरलाय. ते शेवटी सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं खेळांवरच्या पैजांना आडवा येणारा केंद्रीय कायदा रद्दबातल ठरवला. मग एकेका राज्यानं परवानगी दिली आणि हे भाव थेट समालोचनात शिरले. आपल्याकडं चित्र उलटं आहे. जुगारबंदीचा कायदा १८८७ पासूनचा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली. त्यांची जाहिरात केली तरी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. तेव्हा हा लेख आकडे वाचण्यापुरता, पैसे लावण्यासाठी नाही.

चिन्हाचा उलटा अर्थ लावणं

मनीलाइन म्हणजे सामना कोण जिंकणार, एवढ्याच प्रश्नाचा भाव. किती गुणांनी जिंकणार याच्याशी त्याचा संबंध नाही. उणे चिन्ह असतं ते वरचढ समजल्या जाणाऱ्या संघापुढं. −१५० म्हणजे १०० कमवायला १५० लावावे लागतात. +१३० म्हणजे १०० लावून संघ जिंकला तर १३० ची कमाई. शंभर ही फक्त मोजपट्टी. दहा लावले तरी प्रमाण तेच.

आपल्याकडं चावडीवर 'रुपयाला ८० पैसे' असा भाव बोलला जातो, तो मनीलाइनच्या भाषेत −१२५. 'रुपयाला सव्वा रुपया' म्हणजे +१२५. आणि 'रुपयाला रुपया' म्हणजे +१००. एवढं डोक्यात बसलं की निम्मं कोडं सुटतं.

मुद्दल दोनदा मोजणं किंवा विसरणं

मनीलाइनमध्ये फक्त कमाई सांगितलेली असते, मुद्दल वेगळं. युरोपात दशांशात भाव देतात आणि त्यात मुद्दलही धरलेलं असतं. म्हणून +२०० आणि ३.०० हे एकच, आणि −२०० म्हणजे १.५०. एका ठिकाणी +२०० आणि दुसरीकडं ३.०० दिसलं की नवखा माणूस एकाला मोठं ठरवून मोकळा होतो.

आकड्यांतलं अंतर सारखं समजणं

−११० आणि +११० यांच्यात पट्टीवर २२० चं अंतर दिसतं. प्रत्यक्षात ते दोघे शेजारी आहेत, कारण −१०० आणि +१०० यांच्या मधे आकडाच नसतो आणि ते दोन्ही टोकांचे आकडे म्हणजे एकच भाव. भावात दडलेली शक्यता काढली की हे दिसतं. उणे असेल तर तो आकडा (चिन्ह सोडून) भागिले, त्यात १०० मिळवून येणारी बेरीज. अधिक असेल तर १०० भागिले तशीच बेरीज. −११० ची शक्यता ११० भागिले २१०, म्हणजे ५२.४ टक्के, +११० ची १०० भागिले २१०, म्हणजे ४७.६. जेमतेम पाच टक्क्यांचा फरक. उलट −४०० वरून −३०० वर भाव आला तर शंभरानं उतरला असं वाटतं, पण शक्यता ८० वरून ७५ वर आली, म्हणजे तीही पाचच टक्क्यांनी. आणि +९०० चा +१००० झाला तर टक्कासुद्धा हलत नाही.

भावाला भाकीत समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. भाच्याच्या सामन्यातले आकडे घ्या. −१५० म्हणजे १५० भागिले २५०, ६० टक्के. +१३० म्हणजे १०० भागिले २३०, सुमारे ४३.५ टक्के. बेरीज १०३.५. आता दोघांपैकी एकच जिंकणार असेल तर शंभराच्या वर साडेतीन आले कुठून? ती अडत. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला कधी उभे राहिला असाल तर सांगायला नको. कुणाचा गूळ कितीला गेला तरी मधल्याचं ठरलेलं असतं. इथं फरक एवढाच की अडत पावतीवर वेगळी लिहिलेली नसते, ती भावातच मुरवलेली असते. दोन्ही बाजू बरोबर तोलल्या गेल्या तर पैजेचं दुकान चालवणाऱ्याला कोण जिंकतं याच्याशी देणंघेणं उरत नाही.

त्यामुळं "ह्यांची जिंकायची शक्यता ६० टक्के" असं वाचू नका. बेरजेनं भागून अडत काढा. ६० भागिले १०३.५, म्हणजे ५८ टक्क्यांच्या आसपास. आणि हासुद्धा बाजाराचा अंदाजच, त्यात लोकांच्या प्रेमाची आणि रागाची भेसळ असतेच.

तिसरी वाट विसरणं

१८ डिसेंबर २०२२ ची, अर्जेंटिना-फ्रान्स विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याची रात्र कोल्हापूरकराला विचारू नका. पेठापेठांत अर्जेंटिनाचे झेंडे. मेस्सीचा गोल, डी मारियाचा गोल, मग ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला एम्बापेनं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. जादा वेळेनंतर ३-३, पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२. नाद खुळा!

आता सांगा, त्या सामन्याच्या फुटबॉल-मनीलाइनमध्ये कोण जिंकलं? कोणीच नाही. फुटबॉलचा हा भाव साधारणपणे ९० मिनिटं आणि दुखापतीच्या वाढीव वेळेपुरताच असतो, आणि त्यात बरोबरी हा तिसरा पर्याय असतो. तेव्हा फलक २-२ होता. चषक अर्जेंटिनानं उचलला, पण तशा भावात 'अर्जेंटिना' म्हणणारा हरलाच. चषक कोण उचलणार, याचा भाव निराळा असतो. खासबागेत मैदान बघणाऱ्याला हे पटकन कळावं. दोन मल्ल, पण निकाल तीन. कुस्ती बरोबरीत सुटू शकते.

बेसबॉलमध्ये ही अडचण सहसा येत नाही, निकाल लागेपर्यंत डाव चालूच राहतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये साखळी सामना बरोबरीत सुटू शकतो. तिथं दोनच पर्यायांचा भाव असेल तर सहसा मुद्दल परत मिळतं. म्हणून आधी पर्याय मोजा, मग आकडे.

वरचढ म्हणजे पक्का समजणं

−४०० म्हणजे "ह्यो जिंकतोयच" असं वाटतं. अडत बाजूला ठेवून ८० टक्के खरेच धरले, तरी असे पाच संघ ओळीनं जिंकण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्याही खाली येते. आणि १०० कमवायला दर वेळी ४०० लावले, तर चार सामन्यांत जमवलेलं एका हरण्यात साफ. त्याच २०२२ च्या विश्वचषकात सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला २-१ नं हरवलं होतं, ते पेठेत कुणी मोठ्यानं बोलत नाही.

शेजारीच −३.५ असं काही दिसलं तर ती मनीलाइन नव्हे, तो गुणांचा फरक. दशांश आणि लहान आकडा ही त्याची खूण.

उत्तर चुकतंय असं वाटलं तर

उणे चिन्हाच्या संघाची शक्यता ५० च्या खाली आली, तर सूत्रांची अदलाबदल झाली आहे. सगळ्या पर्यायांची बेरीज ११५ च्या वर गेली तर एखादा आकडा चुकीचा उतरवला असेल, नाहीतर अडत भलतीच जड असेल. आणि बेरीज शंभराच्या खाली आली तर?

इथंच माझा पाय घसरला होता. मी भाच्यासाठी फळ्यावर एक मनचं उदाहरण मांडलं, एक संघ +१५०, दुसरा +१९०. ४० अधिक ३४.५, बेरीज ७४.५. मी ऐटीत म्हणालो, "बघ, इथं दुकानदारच तोट्यात." पोरगं चहा पीत फळ्याकडं बघत राहिलं. मग म्हणालं, "मामा, बरोबरी कुठं गेली?" मी गपचूप तिसऱ्या ओळीत +२२० लिहिलं. ३१.२५. बेरीज १०५.७.