१०० टक्के चार्ज करून घाट उतरू नका

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर, तर पोलादपूर जेमतेम ५० मीटरवर. मधला रस्ता आंबेनळी घाटाचा, सुमारे ४० किलोमीटर. पेट्रोल-डिझेल गाडी इथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरवायची, हे घाटात गाडी शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. इलेक्ट्रिक गाडीत ते काम रिजन, म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग करतं. एक्सलेटरवरचा पाय उचलला की चाकं मोटरला फिरवू लागतात, मोटर जनरेटरचं काम करते, गाडी आवरली जाते आणि तयार झालेली वीज बॅटरीत जाते. मात्र त्यासाठी बॅटरीत जागा लागते. रात्री हॉटेलात चार्जिंग लावून सकाळी १०० टक्क्यांवर निघालात, तर ती जागाच नसते. बॅटरी वीज घेत नाही, गाडी रिजन कमी करते किंवा बंदच करते आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो, तोही उतार सुरू होतो तिथेच.

किती जागा ठेवायची

माणसं आणि सामानासकट गाडी १६०० किलोची धरा. प्रत्येक १०० मीटर उतरताना साधारण ०.४४ युनिट ऊर्जा मोकळी होते. १३०० मीटरचे होतात ५.७ युनिट. त्यातला मोठा वाटा टायरच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात जातो, थोडा मोटर आणि इन्व्हर्टरमध्ये (मोटर-बॅटरीमधली वीज बदलणारा भाग) आणि थोडा एसी-दिव्यांना. शेवटी बॅटरीत पडतात दोन ते तीन युनिट. बॅटरी ३० युनिटची असेल तर हे ७ ते १० टक्के झाले.

म्हणून घाटमाथ्यावर चार्जिंगची मर्यादा ८० ते ८५ टक्क्यांवर लावा. गाडीच्या स्क्रीनवर किंवा अ‍ॅपमध्ये तशी सोय नसेल तर वेळेचा हिशेब करा. १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर तासाला साधारण तीन युनिट जातात. बॅटरी आधीच पूर्ण भरली असेल तर सकाळी पाचगणीला जाऊन या. जाऊन-येऊन सुमारे ४० किलोमीटर होतात आणि हवी तेवढी जागा होते. गाडी उभी ठेवून एसी चालवत बसण्यात अर्थ नाही, तीन युनिट खर्च व्हायला फार वेळ लागतो. हिवाळ्यातल्या पहाटे आणखी एक अडचण असते. थंड बॅटरी वेगाने चार्ज होत नाही, त्यामुळे ८० टक्क्यांवरही पहिली काही मिनिटं रिजन नेहमीपेक्षा कमी लागू शकतं. गावातच एक-दोनदा पाय उचलून अंदाज घ्या आणि मगच उताराला लागा.

उलट दिशेचा हिशेब मात्र वेगळा आहे. पोलादपूरहून वर चढताना १० ते १२ युनिट जातात आणि उतरताना परत मिळतात दोन-तीन. "येताना भरून निघेल" या भरवशावर चढायला लागू नका. ३० युनिटच्या बॅटरीत ६० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर खालीच चार्ज करून घ्या.

लेव्हल कोणती

नेक्सॉन ईव्ही मॅक्स २०२२ मध्ये आली तेव्हापासून टाटाच्या गाड्यांत रिजन किती जोरात लागावं हे ठरवणाऱ्या ० ते ३ अशा लेव्हल दिसू लागल्या. काही गाड्यांत त्या स्टिअरिंगमागच्या पॅडलवर असतात, काहींत बटणावर, तर काहींत गिअरच्या नॉबवर नुसता 'बी' किंवा 'एल' असतो. लेव्हलचा आकडा बघून दोन कंपन्यांच्या गाड्यांची तुलना करू नका. एकीची २ ही दुसरीच्या १ एवढीही असू शकते. आपल्या गाडीची पकड आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर तपासा. मागे कोणी नाही हे पाहून ४० च्या वेगाला पाय पूर्ण उचला आणि गाडी १५ पर्यंत यायला किती अंतर घेते ते विजेच्या खांबांवरून मोजा. प्रत्येक लेव्हलला हे एकदा करा.

घाटात नियम सोपा आहे. पाय पूर्ण उचलल्यावर गाडीचा वेग वाढू नये, हळूहळू कमी व्हावा, एवढी लेव्हल हवी. ७ टक्के उतारावर ४० चा वेग धरून ठेवायला वरच्या हिशेबातल्या १६०० किलोच्या गाडीला सुमारे १० किलोवॅटचं रिजन पुरतं, ६० ला १४ च्या आसपास लागतं. पॉवर मीटरचा चार्जिंगकडचा काटा किंवा हिरवी पट्टी बघितली की हे लगेच कळतं. मीटर शेवटाला टेकला आणि तरी वेग वाढतोय, तर रिजन संपलं. ताबडतोब ब्रेक दाबून वेग ३० च्या खाली आणा. लेव्हल उतार सुरू होण्याआधी निवडा, वळणाच्या मधोमध बदलू नका. न्यूट्रलमध्ये टाकलंत तर रिजन पूर्ण जातं, त्यामुळे घाटात 'एन' ला हातच लावायचा नाही.

पाय झटक्यात उचलू नका. एक्सलेटर थोडा थोडा सोडत वेग कमी करा, नाहीतर मागे बसलेल्यांना दहाव्या वळणाआधीच गाडी लागते. नागमोडी वळणावर वेग वळणाआधी कमी करा, वळणात एक्सलेटर किंचित दाबलेला ठेवा आणि बाहेर पडताना सोडा. ८-१० च्या वेगाखाली बहुतेक गाड्यांत रिजन विरत जातं. थांबवायचं काम ब्रेकचंच असतं, म्हणून पाय नेहमी ब्रेकच्या जवळ असावा.

पावसाळ्यात

आपल्याकडच्या बऱ्याच परवडणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर पुढच्या चाकांवर असते, म्हणजे रिजनही फक्त पुढच्या चाकांवरच. ओली पानं, दरडीची माती, रस्त्यावर वाहून आलेली खडी अशा ठिकाणी सर्वांत वरची लेव्हल पुढची चाकं घसरवू शकते आणि मग स्टिअरिंग ऐकत नाही. एक लेव्हल खाली या आणि वेग कमी ठेवा.

आणखी एक गोष्ट नवख्याला हमखास घाबरवते. ब्रेक लावत असताना चाक खड्ड्यावरून किंवा रंबलर पट्ट्यांवरून गेलं की एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) जागं होतं आणि त्या क्षणी गाडी रिजन सोडून देते. गाडी पुढे सुटल्यासारखी वाटते. ब्रेक निकामी झालेले नसतात. पाय काढू नका, पंप करू नका, तसाच जोरात दाबून ठेवा.

मागच्याला दिसतं का

संयुक्त राष्ट्रांच्या आर-१३एच या नियमाप्रमाणे नुसत्या रिजनने गाडीचा वेग सेकंदाला १.३ मीटर प्रतिसेकंदपेक्षा जास्त दराने कमी होत असेल तर ब्रेकलाइट लागलाच पाहिजे. ०.७ पर्यंत लागू नये आणि मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी. म्हणजे दिवा न लागता गाडी जाणवेल इतकी मंदावू शकते. घाटात दुचाकीवाले अगदी बंपरला चिकटून येतात. आरशात कोणी दिसलं की पाय उचलण्याआधी ब्रेक हलकेच टेकवा, दिवा लागेल.

हायवेवर उलट

घाट उतरून सपाटीला लागलात की लेव्हल ० किंवा १ करा. गतीची वीज आणि त्या विजेची पुन्हा गती करताना साधारण तिसरा हिस्सा वाया जातो. मोकळ्या रस्त्यावर गाडी नुसती वाहू देणं त्याहून फायद्याचं ठरतं. वरची लेव्हल शहरातल्या सिग्नलसाठी आणि उतारासाठी.

ब्रेक न वापरल्याने बिघडतात

रिजनमुळे पॅड खूप टिकतात, पण कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत डिस्क गंजतात, पॅडचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकतात. मग गरज पडते त्या दिवशी गाडी एका बाजूला ओढते किंवा चाकातून खरखर येते. आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर लेव्हल ० करा आणि ६० वरून १० पर्यंत पाच-सहा वेळा दमदार ब्रेक लावा. त्या वेळी मीटर बघा. काटा चार्जिंगकडे जात असेल तर तुमच्या गाडीचं ब्रेक पॅडलही आधी रिजनच वापरतं आणि पॅड मागाहून लागतात. अशा गाडीत हलक्या ब्रेकने डिस्क साफ होत नाही, पॅडल जोरातच दाबायला हवं. गाडी धुतल्यावर, पार्क करण्याआधी एक फेरी मारून डिस्क कोरड्या करा.

सर्व्हिसिंगला "पॅड अजून आहेत" एवढ्यावर समाधान मानू नका. चाकं काढून पिना साफ करायला आणि त्यांना ब्रेकचं खास ग्रीस लावायला सांगा, मागे ड्रम असतील तर तेही उघडायला लावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. पॅड नवे दिसत असले तरी दर दोन वर्षांनी ते बदलायचंच, कारण ओलावा धरलेलं ऑइल तापलं की त्यात वाफ होते आणि पॅडल मऊ पडून खाली जातं.