बोटीच्या ट्रेलरचे टायर बदलताना या चुका टाळा

ह्यूस्टनहून गॅल्व्हेस्टनला जाताना आय-४५ महामार्गाच्या कडेला एका अंगावर कललेली बोट दिसली की माझा जीव तुटतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं: नक्षी बघून टायर चांगला ठरवला.

बोटीचा ट्रेलर धावतो कमी, उन्हात उभाच जास्त असतो. नक्षी झिजतच नाही, रबर मात्र आतून वाळत जातं. माझ्या मित्राने जुनी बोट घेतली, तेव्हा टायर अगदी कोरे दिसत होते. "आकडे बघ," म्हटलं, तर म्हणाला, "अरे, नक्षी बघ ना, नवीच आहे!" जुलैतली दुपार होती. ला मार्कच्या अलीकडे नक्षीचा अख्खा पट्टा साल निघावी तसा सुटला, मडगार्ड फाडलं, दिव्यांची वायरही तोडली. स्टेपनी त्याच वयाची, तीही दोन मैलांत बसली. दोन्ही मुलं भर उन्हात रस्त्याच्या कडेला. नंतर टायर उलटा करून चिखल पुसला, तर कडेवरच्या 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी २२१३. म्हणजे २०१३चा बाविसावा आठवडा. टायर नऊ वर्षांचा. हे चार आकडे बरेचदा एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू आत गेलेली असते. बॅटरी घेऊन ट्रेलरखाली शिरा. मी पाच वर्षं झाली की स्टेपनीसकट सगळे बदलतो. दुकानातल्या नव्या टायरचेही आकडे आधी वाचतो. वर्षाहून जुना असेल तर घेत नाही.

दुसरी चूक वजनाची. कॅटलॉगमधलं वजन रिकाम्या बोटीचं असतं. इंजिन, पेट्रोल, बर्फ, नांगर, ट्रेलर हे सगळं धरून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करा. एसटी (खास ट्रेलरचा टायर) २०५/७५आर१४, लोड रेंज म्हणजे वजन पेलायची श्रेणी सी, ५० पीएसआय हवेला १७६० पाउंड पेलतो; दोन मिळून ३५२०. काटा ३३०० दाखवत असेल तर मी सरळ डी घेतो: ६५ पीएसआयला २०४०. रिमवर कोरलेली मर्यादाही तेवढी हवी. आणि धक्के कमी बसावेत म्हणून हवा कमी ठेवू नका. टायर थंड असताना कडेवर लिहिलेली पूर्ण हवा भरा. कमी हवेत टायर तापतो आणि फुटतो.

गाडीचे जुने टायर ट्रेलरला लावू नका, त्यांच्या कडा मऊ असतात.

पाच बोल्टच्या चाकात बोल्टच्या वर्तुळाचे साडेचार आणि पावणेपाच इंच हे व्यास डोळ्यांना सारखेच वाटतात. मोजा. नट पिळून बसवलं म्हणजे चाक बसलं असं होत नाही.

खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर रंगवलेली रिम नको, गॅल्व्हनाइज्ड घ्या.

नवं चाक बसवल्यावर पन्नास मैलांनी नट पुन्हा आवळायचे असतात. शुक्रवारी रात्री टायर बसवून शनिवारी पहाटे निघणारे हेच विसरतात. मी बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर पोचलो की आधी टॉर्क पाना काढतो, मग हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून बघतो. हब तापलेलं असेल तर बोट पाण्यात नेत नाही. गरम हब एकदम गार झालं की खारं पाणी आत बेअरिंगमध्ये ओढतं. मुलं कितीही घाई करोत, अर्धा तास थांबतो.