कारवान हाउंड पाळताय? मग या चुका टाळा

मुधोळ म्हणा, कारवानी म्हणा, नाहीतर कान-शेपटीला लांब केस असलेला पश्मी म्हणा, दख्खनच्या या शिकारी कुत्र्याचं अलीकडे बरंच कौतुक होतंय. 2005 साली त्याचं टपाल तिकीट निघालं, पुढे सैन्यानेही त्याला पारखून पाहिलं. आता तो शहरातल्या घरांतही येतोय, याचा मनापासून आनंद आहे. मात्र बहुतेक घरांत त्याचं सगळं लॅब्राडॉरच्या मापाने केलं जातं आणि त्रास तिथूनच सुरू होतो.

अंगावर मांस चढवण्याचा हट्ट

"याला उपाशी ठेवता काय हो?" असं कुणी ना कुणी विचारणारच. विचारू द्या. शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची हाडं दिसणं, पोट आत ओढलेलं असणं ही या जातीची निरोगी ठेवण आहे. मांड्या ओघळल्या, पाठीचा कणा टोकदार दिसू लागला, तर मात्र तपासून घ्या. उलट चूकही तितकीच दिसते: पिल्लाला नुसतं दूध-भाकरीवर वाढवणं. वाढत्या वयात अंडी, मांस किंवा पिल्लांचं संतुलित खाद्य हवंच, नाहीतर पुढचे पाय वाकतात. कॅल्शियमचा डोस मनाने देऊ नका. जास्त झालं तरी हाडं बिघडतात.

छाती खोल असल्यामुळे पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो. दिवसाचं खाणं दोन वेळांत विभागा आणि जेवल्यावर तासभर तरी पळवू नका. पोट टम्म झालंय, ओकारीचे उमाळे येताहेत पण बाहेर काहीच पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा.

साधा गळपट्टा आणि मोकळं सोडणं

याचं डोकं मानेपेक्षा अरुंद. समोर मांजर दिसलं की तो जागीच थिजतो. तुम्ही पट्टा ओढता, तो मान खाली घालून दोन पावलं मागे सरकतो, कान चपटे होतात आणि पट्टा डोक्यावरून अलगद निसटतो. हाक मारेपर्यंत कुत्रा रस्त्यापलीकडे गेलेला असतो. म्हणून ओढ बसली की आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या. तो पूर्ण आवळला तरी गळा दाबला जाणार नाही, इतपतच ठेवा.

"माझा कुत्रा हाकेला येतो," असं अनेकजण सांगतात. घरात येतोच. पण हा डोळ्यांनी शिकार हेरणारा प्राणी आहे. पळतं काही दिसलं की हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्यात हट्टीपणा नाही, पिढ्यान् पिढ्यांची निवड आहे. कुंपण असलेलं मैदान मिळालं तरच सोडा. शेतात सशामागे सोडण्याचा शौक तर बंदच करा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

ओरडून शिकवणं

हा कुत्रा मनाने फार हळवा. एकदा रागाने ओरडलात तर पुढे कितीतरी दिवस तो तुमच्या हाताला बिचकतो. अनोळखी माणसाने डोक्यावर हात ठेवलेला अनेकांना खपत नाही, तेव्हा पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. दिवसभर साखळीला बांधून "राखण कर" म्हणणं तर निव्वळ क्रूरपणा आहे.

डॉक्टरांना जात न सांगणं

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. डोळ्यांनी शिकार हेरणाऱ्या याच गटातल्या ग्रेहाउंडच्या रक्तात लाल पेशी जास्त आणि प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी असणं स्वाभाविक मानतात. आपल्याकडे गोचीड ताप सर्रास होतो आणि त्यातही प्लेटलेट घटतात. म्हणजे एकच आकडा निरोगीही असू शकतो आणि आजाराचाही. यावर उपाय म्हणजे कुत्रा ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवणं. मग तापात तुलनेला काहीतरी हाताशी असतं.

भूल देण्याआधी तर आवर्जून सांगा. अंगात चरबी कमी आणि यकृत काही औषधं सावकाश फोडतं, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या भुलेतून ग्रेहाउंड फार उशिरा बाहेर येतात. डॉक्टरांकडे दुसरे पर्याय असतात, फक्त त्यांना आधी कळायला हवं.

कडक फरशी, पातळ कातडी

टणक फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, कधी पाण्याच्या गाठी येतात. जाड गादी द्या, थंडीत अंगावर कोट घाला. कातडी इतकी पातळ की काटेरी तारेला नुसतं घासलं तरी लांबलचक फाटते. अशी जखम हळद लावून सोडून देऊ नका. स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं कापड दाबून धरा आणि टाके घालायला त्याच दिवशी न्या.