पेट्रोलवर शंका आली? फिल्टर पेपर मागा

सिंहगड रोडवरच्या एका पंपावर टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी गाडी चढावर आचके द्यायला लागली. तेव्हापासून नव्या पंपावर आधी फिल्टर पेपर मागतो. तो पंपावर ठेवावाच लागतो, ग्राहकाला फुकट मिळतो.

१. नोझलचं तोंड पुसून घ्या.
२. कागदावर एकच थेंब टाका.
३. दोनेक मिनिटं थांबा. थेंब उडून कागद कोरा राहिला तर ठीक. डाग राहिला तर भेसळीची शंका.

माप कमी वाटलं तर पाच लिटरचं शिक्क्याचं (सरकारी खात्याने तपासलेलं) माप मागा. त्यात २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. मागितल्यावर कुरकुर झाली, तर मी सरळ पुढचा पंप गाठतो.

एक मात्र सांभाळा: पेट्रोलमधलं पाणी या कागदावर कळत नाही. पंपाच्या टाकीत तळाशी पाणी असेल तर टँकर खाली होताना ते ढवळलं जातं. त्यामुळे पावसाळ्यात टँकर खाली होत असेल तर तिथे भरू नका.