कुरडईचा चीक बिघडू नये म्हणून

कुरडई काळपट पडली, वाळताना तुटली किंवा तळताना फुललीच नाही, की दोष बहुधा चिकातच असतो. चीक म्हणजे गव्हातला स्टार्च. कोंडा आणि चिवट प्रथिनं मागे ठेवून तो जितका स्वच्छ सुटेल, तितकी कुरडई पांढरी.

१ किलो गहू धुऊन भरपूर पाण्यात तीन दिवस भिजवा. पाणी रोज बदला, कडक उन्हाळ्यात दोनदा. किंचित आंबूस वास हवाच, कारण आंबल्यानेच प्रथिनांची पकड सैल होते. कुजका वास आला तर मात्र पाणी बदलायला उशीर झालाय. दाणा चिमटीत दाबून पाहा: पांढरं दूध बाहेर आलं आणि हातात नुसतं साल राहिलं, की वाटायला घ्या.

पाणी घालत वाटा, पिळा, पातळ फडक्यातून गाळा. चोथ्यात पाणी घालून पुन्हा दोनदा पिळा. चोथा टाकू नका, त्याच्या वड्या होतात.

गाळलेलं पाणी रात्रभर हलवू नका. स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो. सकाळी वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाका. त्यातलं थोडं जरी राहिलं तरी रंग जातो. तळाचा चीक बोटाने दाबला तर दगडासारखा लागतो, हळूहळू ढवळला की सैल होतो. सैल झाल्यावरच मापा.

जितका चीक, तितकंच पाणी. पाण्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल घालून खळखळ उकळा. मीठ बेतानं, वाळल्यावर खारटपणा वाढतो. मग एकीने चिकाची धार धरायची, दुसरीने लाकडी उलथण्याने न थांबता घाटायचं. एकटीने हा उद्योग करू नये. साधारण ६० अंशांपुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यामुळे गोळा क्षणात घट्ट होतो. हात थांबला की बाहेरून शिजलेल्या आणि आतून कच्च्या गाठी होतात, आणि त्या सोऱ्यात अडकतात. मंद आचेवर झाकून वाफ आणा. पांढरटपणा जाऊन गोळा चकचकीत दिसला आणि ओल्या बोटाला चिकटला नाही, की झाला.

थोडा चीक दूध-साखरेसाठी बाजूला काढा आणि उरलेला गरम असतानाच सोऱ्यात भरा. गार झाला की ताठरतो, तार तुटते. कडक उन्हात दोन-तीन दिवस, मधे एकदा उलटून वाळवा.

तळताना तेल चांगलं तापू द्या. कुरडई फुलते ती आत उरलेल्या ओलाव्याची एकदम वाफ झाल्यामुळे; कोमट तेलात ती नुसती तेल पिते.