इलेक्ट्रिक सायकलची झिजलेली कॅसेट किंवा फ्रीव्हील कसे बदलावे

चढावर पेडलवर जोर दिला की चेन ‘खट्’ आवाज करून मागच्या चकतीवर एक दाता पुढे उडी मारते आणि पाय क्षणभर पोकळीत गेल्यासारखा खाली जातो. ही खूण दिसू लागली की गिअरच्या वायरीला दोष देण्याआधी मागच्या चकत्यांचे दाते पाहावेत. काम तसे अवघड नाही. पण आपल्या सायकलीला नेमके काय बसवले आहे हे ओळखण्यात चूक झाली, तर नवा भाग वाया जातो आणि प्रसंगी मोटरच्या झाकणाचे आटेही जातात. म्हणून पुढे उघडण्याच्या कृतीइतकीच जागा ओळखण्याला दिली आहे.

मोटर कुठे आहे, यावरून पहिला निर्णय

मोटर पेडलांपाशी असेल, म्हणजे सायकल मिड-ड्राइव्ह असेल, तर चालवणाऱ्याच्या पायांचा जोर आणि मोटरचा जोर हे दोन्ही एकाच चेनमधून मागच्या चाकाकडे जातात. शिमानो कंपनीची ईपी८ ही मोटर कमाल ८५ न्यूटन-मीटर इतका पीळ (टॉर्क) देते, आणि तो सगळा झेलतात त्या वेळी चेनखाली असलेले मागच्या चकतीचे मोजके दाते. त्यात ११ दात्यांची सर्वांत लहान चकती असेल, तर एका वेळी जेमतेम पाच-सहा दातेच चेनला धरून असतात. मोटर जोर पुरवत असल्याने माणूस गिअर बदलण्याचा आळस करतो, नेहमी त्याच एक-दोन लहान चकत्यांवर सायकल हाकतो, आणि मग बाकीची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, नवीकोरी असताना तेवढ्याच चकत्या संपतात.

मोटर चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, असेल तर गोष्ट निराळी. ती चाकाला थेट फिरवते, चेनवर येतो तो फक्त पायांचा जोर, त्यामुळे झीज साध्या सायकलीइतकीच होते. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या इलेक्ट्रिक सायकलींत मागची हब मोटर सर्रास आढळते. अशा सायकलीसाठी ‘खास ई-बाइक कॅसेट’ म्हणून महाग भाग घेण्याचे कारण नाही. तिची अडचण झिजेची नसून चाक काढण्याची आहे, कारण त्या चाकातून वायर बाहेर येते.

झीज मोजणे

आधी चेन मोजावी, दात्यांकडे त्यानंतर वळावे. चेनच्या पिना आणि रोलर आतून झिजतात, तशी चेन लांब होते. लांबलेली चेन दात्याच्या तळाशी न बसता वर चढून बसते आणि आपल्या वाढलेल्या अंतराप्रमाणे दात्याला कोरत जाते. चेन वेळेवर बदलली तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज निघतात. न बदलता चालवत राहिल्यास ती चेन कॅसेटलाही सोबत घेऊन जाते.

मोजण्यापूर्वी मोटर बंद करून बॅटरी काढून ठेवावी. चेन ताणण्यासाठी पेडल दाबावे लागते, आणि मोटर चालू असेल तर तेवढ्या दाबानेही चाकाला झटका बसू शकतो. ताणलेल्या चेनवर पोलादी फूटपट्टी धरावी. शाळेच्या दप्तरातली प्लास्टिकची पट्टी या कामाची नाही. एका पिनेच्या बरोबर मध्यावर शून्य ठेवले, तर नव्या चेनमध्ये तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १२ इंचांच्या पुढे १/१६ इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर सरकलेली असेल, तर चेन अर्धा टक्का लांबली आहे. १/८ इंच सरकली असेल तर एक टक्का. ११ आणि १२ गिअरच्या अरुंद चेन अर्ध्या टक्क्याला बदलाव्यात, १० किंवा कमी गिअरच्या पाऊण टक्क्याला. चेन मोजण्याचे छोटे गेज मिळते आणि ते घेतलेले बरे, कारण पट्टीवर पाऊण टक्का अचूक वाचायला नजर बसावी लागते. चेन एक टक्का लांबली असेल तर कॅसेटही गेली, असे धरूनच खरेदीला निघावे.

दात्यांची झीज डोळ्यांनी ओळखणे फसवे असते, कारण नव्या कॅसेटमध्येही चेन सहज सरकावी म्हणून काही दाते मुद्दाम आखूड आणि तिरपे कापलेले असतात. दाता मांजराच्या नखासारखा एका बाजूला वाकलेला दिसला तर शंका उरत नाही. एरवी खात्रीची परीक्षा एकच: नवी चेन चढवून बेताचा जोर द्यावा. ज्या चकतीवर ती उडी मारेल, ती चकती गेली. पुढचे चेनव्हीलही, म्हणजे पेडलांपाशी असलेली दात्यांची चकती, याच वेळी पाहून घ्यावे. मिड-ड्राइव्हमध्ये तेही बरेच झिजते.

कॅसेट की फ्रीव्हील

बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. कॅसेट म्हणजे हबवरच्या खाचांच्या नळीवर, फ्रीहबवर, सरकवलेला आणि वरून लॉकरिंगने आवळलेला चकत्यांचा संच. चाक मोकळे फिरू देणारे खटके तिथे हबच्या नळीत असतात. फ्रीव्हीलमध्ये ते खटके चकत्यांच्या आतच असतात आणि सगळा गोळा हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. चाक काढल्यावर चकत्या हाताने उलट्या फिरवाव्यात आणि मधल्या, पान्हा बसण्याच्या खाचांकडे पाहावे. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. मिड-ड्राइव्हच्या गिअरच्या सायकलींना बहुधा कॅसेट असते आणि स्वस्त हब मोटरच्या सायकलींना बहुधा फ्रीव्हील, पण ‘बहुधा’वर विसंबून ऑर्डर देऊ नये.

नवा भाग घेताना गिअरची संख्या जुनीच ठेवावी, नाहीतर हँडलवरचा शिफ्टर जुळत नाही. कॅसेट घेताना फ्रीहबचा प्रकारही पाहावा लागतो: शिमानोचा नेहमीचा एचजी (हायपरग्लाइड), बारा गिअरच्या संचांसाठी आलेला मायक्रो स्प्लाइन, आणि एसरॅम कंपनीचा एक्सडी हे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मिड-ड्राइव्हसाठी पोलादी चकत्यांची कॅसेट घ्यावी. ॲल्युमिनियमची मोठी चकती काही ग्रॅम वाचवते खरी, पण वीस-पंचवीस किलोच्या सायकलीवर त्या ग्रॅमना कोण विचारतो? शिमानोने २०२१ मध्ये आणलेली लिंकग्लाइड मालिका जाड दात्यांची आहे आणि शिमानोच्याच नेहमीच्या हायपरग्लाइडच्या तिप्पट टिकते असा कंपनीचा दावा आहे. मात्र तिच्यातल्या चकत्यांमधले अंतर वेगळे असल्याने शिफ्टर आणि डिरेलरही (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) त्याच मालिकेचे लागतात. केवळ कॅसेट बदलून भागत नाही.

चाक काढणे

सायकल उलटी करून हँडलवर उभी करण्याची आपली जुनी सवय इथे सोडावी लागते, कारण हँडलवर डिस्प्ले असतो आणि सगळे वजन त्याच्यावर येते. स्टँड नसेल तर हँडलच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे देऊन डिस्प्ले अधांतरी राहील असे पाहावे. तेलावर चालणारे ब्रेक असतील तर सायकल उलटी करणे शक्यतो टाळावे, आणि चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा चुकूनही दाबू नये.

चेन सर्वांत लहान चकतीवर आणून मग चाक सोडवावे. मिड-ड्राइव्हचे चाक साध्या सायकलीसारखेच निघते. हब मोटर असेल तर आधी बॅटरी काढावी, मग चेनजवळच्या नळीला बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून वायरचा जोड मोकळा करावा. हा जोड सरळ ओढून काढायचा असतो. पिळला तर आतल्या बारीक पिना वाकतात. बसवताना दोन्ही भागांवरचे बाण समोरासमोर येतात, ते आत्ताच पाहून ठेवावेत. एक्सलचे, म्हणजे चाकाच्या आसाचे, नट बऱ्याच मोटरींना १८ मिलिमीटर पान्ह्याचे असतात. नट सैल करण्याआधी दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढावा, कारण वॉशरांचा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांतला वाकवलेली आकडी असलेला वॉशर फ्रेमच्या खाचेत अडकून एक्सलला फिरू देत नाही. तो उलटा बसला किंवा राहून गेला, तर मोटरच्या जोराने एक्सलच गरगर फिरतो आणि वायर तुटते.

फ्रीव्हील काढणे आणि बसवणे

फ्रीव्हीलचा पान्हा खाचांत पूर्ण खोल बसणारा हवा. बाजारातले काही पान्हे साध्या सायकलीच्या बारीक एक्सलसाठी केलेले असतात आणि मोटरच्या १२ मिलिमीटर जाडीच्या एक्सलवरून जातच नाहीत. म्हणून मोठ्या भोकाचा पान्हा मागून घ्यावा. वायर त्याच बाजूने बाहेर येत असेल तर तिचा जोडही त्या भोकातून पार व्हायला हवा.

पान्हा बसवून त्यावर एक्सलचा नट हलकेच लावावा, म्हणजे जोर दिल्यावर तो उसळत नाही. मग पान्ह्याला फूटभराहून लांब स्पॅनर लावून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जोर द्यावा. पेडल मारताना हे फ्रीव्हील दररोज आवळले गेलेले असते, त्यामुळे ते सहजी सुटत नाही. वायर दुसऱ्या बाजूला असेल तर सर्वांत उत्तम उपाय म्हणजे पान्हा बाकावरच्या व्हाइसमध्ये धरून, टायर दोन्ही हातांनी पकडून, स्टिअरिंग फिरवावे तसे चाकच फिरवणे. अर्धा फेरा सुटताच थांबून एक्सलचा नट काढून टाकावा. फ्रीव्हील बाहेर सरकत असताना तो तसाच राहिला तर एक्सलचे आटे चिरडतात. मुळीच हलत नसेल तर गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर ठेवावे. त्यानेही न सुटल्यास हातोडी न उचलता चाक कारागिराकडे न्यावे.

बसवताना घाई करण्यासारखी एकही जागा नाही. बहुतेक मोटरींचे झाकण ॲल्युमिनियमचे असते आणि फ्रीव्हीलचे आटे त्या झाकणावरच कोरलेले असतात. पोलादी फ्रीव्हील तिरके चढले तर ते आटे कापत जाते आणि मग अख्खे झाकण बदलावे लागते. म्हणून आटे कापडाने पुसून ग्रीस लावावे, फ्रीव्हील आधी उलट दिशेने हळू फिरवावे, आटे जुळल्याची बारीकशी ‘टक्’ बोटांना जाणवली की मगच सुलट फिरवावे. पूर्ण बसेपर्यंत हातच वापरावा, पान्हा नाही. शेवटचे आवळणे पेडल मारल्यावर आपोआप होते. सर्वांत मोठी चकती मोटरच्या झाकणाला घासत तर नाही ना, हे फिरवून पाहावे. घासत असेल तर मागे पातळ वॉशर द्यावा.

कॅसेट काढणे आणि बसवणे

इथे दोन हत्यारे लागतात: लॉकरिंगचा पान्हा आणि चकत्या अडवून धरणारा चेनचा तुकडा लावलेला दांडा, ज्याला चेन व्हिप म्हणतात. चेन व्हिप एखाद्या मोठ्या चकतीवर अशा रीतीने गुंडाळावी की तिचा ओढा चकत्या पुढच्या दिशेला फिरवणारा असेल, आणि लॉकरिंग उलट दिशेने सोडावी. ‘कर्र’ असा मोठा आवाज येतो. काही मोडले असे वाटून घाबरू नये, लॉकरिंगच्या खालच्या दात्यांचा तो आवाज असतो.

चकत्या निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवाव्यात. फ्रीहबची नळी ॲल्युमिनियमची असेल तर तिच्या खाचांच्या कडांवर सुट्या चकत्यांनी पाडलेले घाव दिसतील. मिड-ड्राइव्हमध्ये हे घाव खोल असतात, आणि त्यात रुतलेली चकती कधी कधी हलकी ठोकूनच निघते. वर आलेली धार बारीक कानशीने सपाट करावी, नळी पुसावी आणि ग्रीसचा पातळ हात फिरवावा. रॉकेल किंवा डिझेलने साफसफाई करायची असेल तर ब्रेकची डिस्क आधी झाकावी. तिच्यावर थेंब जरी पडला तरी ब्रेक लागत नाही आणि पॅड बदलावे लागतात.

एचजी नळीवरची एक खाच बाकीच्यांपेक्षा अरुंद असते, आणि प्रत्येक चकतीवरही तसाच एक अरुंद दात असतो. ते जुळवले की चकती एकाच प्रकारे बसते. जुन्या कॅसेटखाली पातळ वॉशर असेल तर तो फेकू नये. ८, ९ किंवा १० गिअरची कॅसेट ११ गिअरच्या रोड सायकलीच्या फ्रीहबवर बसवताना १.८५ मिलिमीटरचा वॉशर लागतोच. लॉकरिंग आधी हाताने चढवावी आणि मग ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावी. हा आकडा बऱ्याचदा तिच्यावरच छापलेला असतो. टॉर्क पान्हा नसेल तर वीतभर दांड्याच्या टोकाला साधारण १८ ते २० किलोचा जोर, असा अंदाज धरावा. सगळे आवळल्यावर एकही चकती हाताने हलता कामा नये. हलत असेल तर वॉशर चुकला आहे किंवा एखादी चकती नीट बसलेली नाही.

चेन, चाक आणि पहिली फेरी

नवी चेन जुन्या चेनशेजारी लोंबती धरून कापू नये. ११४ कड्यांची चेन एक टक्का लांबली तर जवळजवळ १४.५ मिलिमीटर वाढते, आणि एका कडीची लांबी आहे १२.७ मिलिमीटर, म्हणजे नुसत्या नजरेने कापल्यास एका कडीची चूक सहज होते. कड्या मोजाव्यात. सर्वांत मोठी चकती बदलून आणखी मोठी घेतली असेल तर मात्र जुना आकडा उपयोगाचा नाही.

हब मोटरचे चाक बसवताना वायर एक्सलमधून खालच्या बाजूने निघेल आणि आधी थोडी खाली झुकून मग वर जाईल, अशी ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळून मोटरमध्ये शिरत नाही. मिड-ड्राइव्हच्या चाकात आऱ्यावर वेग मोजण्याचे चुंबक असेल तर ते सेन्सरसमोर आले आहे ना, ते पाहावे; नाहीतर थोड्याच अंतरावर डिस्प्लेवर चूक दाखवली जाते आणि मोटर मदत थांबवते.

त्याच आकाराची कॅसेट घेतली असल्यास गिअरची जुळणी फारशी बिघडत नाही. बॅटरी लावण्यापूर्वी पेडल हाताने फिरवून सगळे गिअर वर-खाली करून पाहावेत आणि चेन रेंगाळत असेल तर वायरीच्या टोकाचा बॅरल, म्हणजे वायरीचा ताण कमी-जास्त करणारा गोल स्क्रू, पाव-पाव फेरा फिरवावा. मोठ्या चकतीवर डिरेलरचे वरचे चाक घासत असेल तर बी-स्क्रू, म्हणजे डिरेलरचे चकतीपासूनचे अंतर ठरवणारा स्क्रू, थोडा आवळावा.

पहिली फेरी मोटर बंद ठेवून मारावी, मग सर्वांत कमी मदतीवर, आणि सगळे ठीक वाटल्यावरच चढावर जावे. चेन मागे उडी मारत नाही, पण पुढून घरघर येते किंवा चेन चेनव्हीलला चिकटून वर ओढली जाते असे जाणवले, तर चेनव्हीलही बदलायला हवे. हब मोटरची सायकल फेरीवरून परत आली की एक्सलचे दोन्ही नट पान्ह्याने पुन्हा तपासावेत. नव्याने बसलेले वॉशर थोडे दबतात आणि नट किंचित सैल होतात.