विमानाची झडती घ्यायला पोलीस आले तर पायलटनं काय करायचं

मराठवाड्यात स्वतःचं विमान असलेला माणूस शोधायचा म्हणजे दिवा घेऊन फिरावं लागेल, मान्य. पण पायलट व्हायला निघालेली पोरं-पोरी आता लातूर, नांदेड, बीड, परभणी सगळीकडंच आहेत, कोणी भारतातच ट्रेनिंग करायलंय तर कोणी कर्ज काढून अमेरिकेला गेलंय, आणि निवडणूक लागली की तालुक्याच्या मैदानावर सुद्धा हेलिकॉप्टर उतरतं. २०२४ च्या नोव्हेंबरात औशाला उद्धव ठाकरेंची बॅग तपासली तेव्हा केवढा गाजावाजा झाला, त्यानंतर तीनच दिवसांनी हिंगोलीत अमित शहांच्या बॅगा उघडून पाहिल्या. नेते बोलून मोकळे झाले, पण अशा वेळी मशीनची जबाबदारी ज्याच्यावर असते त्या पायलटनं काय बोलायचं, कशाला हो म्हणायचं आणि सही कुठं करायची, हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहायलोय.

सगळ्यात आधी समोर आलेला माणूस कोणत्या खात्याचा आहे ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, इन्स्पेक्टर असेल तर तो गुन्हा शोधायला आलेला नसतो, नियम पाळता का ते बघायला आलेला असतो, त्याला लायसन्स, मेडिकल, रजिस्ट्रेशन, एअरवर्दीनेस सर्टिफिकेट (विमान उडण्यालायक असल्याचा दाखला), जर्नी लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) हे गुमान दाखवायचं, तिथं वॉरंट कुठंय म्हणून हुज्जत घालण्यात काही अर्थ नाही, उलट लायसन्सवर बेतेल. २०२५ च्या फेब्रुवारीपासून इलेक्ट्रॉनिक लायसन्स आलंय, मोबाईलवर दिसतं, तरी कागदाची फाईल विमानात ठेवाच, आपल्याकडच्या नेटवर विसंबू नका. विमानतळावरची सिक्युरिटी असेल तर तीही झडती नाही, तपासणी आहे, नको म्हणालात तर आत जाता येणार नाही एवढंच. पोलीस, कस्टम, नार्कोटिक्सवाले आणि निवडणुकीतली भरारी पथकं ही मात्र वेगळी जात, आणि खरा घोळ इथंच होतो.

पोलीस आले तर नमस्कार करा, नाव, हुद्दा आणि ठाणं विचारा, आणि शांतपणे विचारा की साहेब, कोणत्या कायद्याखाली बघायलात. हा प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. आवाज मात्र चढवायचा नाही, 'मला कायदा माहितीये' हे वाक्य तर तोंडातनं काढायचंच नाही, ते ऐकलं की अर्ध्या तासाचं काम चार तासांवर जातं. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे ते 'तुमचे अधिकार' वाले फॉरवर्ड डिलीट करा, त्यात अजून सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं आहेत, १ जुलै २०२४ पासून त्या जागी बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीये, आणि १९३४ चा एअरक्राफ्ट ॲक्ट जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय.

बीएनएसएसचं कलम १८५ म्हणतं की तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घ्यायची असेल तर त्यानं त्याची कारणं आधी लेखी नोंदवायची, आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडं पाठवायची. अर्ज केला तर तुम्हालाही ती प्रत फुकट मिळते. कलम १०३ खाली पंच लागतात, दोन किंवा जास्त, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित माणसं. कलम १०५ नवीन आहे आणि आपल्या लैच कामाचं आहे, त्यात झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायला सांगितलंय, मोबाईलवर केलं तरी चालतं. म्हणून एवढंच म्हणायचं, 'साहेब, रेकॉर्डिंग चालू करून घ्या, मग मी एकेक उघडून दाखवतो.' स्वतःचा मोबाईल काढायच्या आधी विचारा, कारण विमानतळावर फोटो-व्हिडिओवर बंधनं असतात, त्यावरनं नवीन भानगड नको.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं तुम्ही हो म्हणता का नाही म्हणता याला कोर्टात फारसं वजन नाही. झडती बेकायदा निघाली तरी त्यात सापडलेली वस्तू पुरावा म्हणून बाद होतेच असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९७३ सालीच पूरणमल केसमध्ये सांगून ठेवलंय. मग वजन कशाला? पंचनाम्याला. तिथं काय लिहिलं गेलं आणि काय राहून गेलं त्यावर पुढची पाच-दहा वर्षं जातात, म्हणून भांडायचं असेल तर झडती घेऊ नका म्हणून नाही, पंचनामा नीट लिहा म्हणून भांडा.

पंचनामा वाचताना सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ बघा. व्हीटीनं सुरू होणारं रजिस्ट्रेशन बरोबर आहे का बघा, विमान कुठं उभं होतं ते बघा. मग वस्तू कुठनं निघाली ते नेमकं लिहिलंय का, नुसतं 'विमानात मिळून आली' असं लिहिलं असेल तर थांबवा, मागच्या बॅगेज कप्प्यातनं, उजव्या सीटखालनं, अमुक पॅसेंजरच्या निळ्या बॅगेतनं असं पाहिजे, कारण चारचौघं बसलेल्या विमानात 'विमानात मिळाली' याचा अर्थ शेवटी पायलटवर येतो. पैसे असतील तर किती रुपयाच्या किती नोटा ते पाहिजे. सील कुणाचं, कशावर लावलं ते पाहिजे. आणि काहीच सापडलं नसेल तर तेही लिहून घ्या, 'काही आक्षेपार्ह मिळून आलं नाही' या एका ओळीसाठी अर्धा तास थांबावं लागलं तरी थांबा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. काही पटलं नाही तर स्वतःच्या अक्षरात लिहा की वाचलं, अमुक मुद्दा मान्य नाही, आणि मग सही, तारीख, वेळ. जप्तीच्या यादीची प्रत तुमचा हक्क आहे, ती 'उद्या ठाण्यात या, देतो' वर सोडू नका.

जबाब ही वेगळी गोष्ट. पोलिसांनी तपासात लिहिलेल्या जबाबावर सही करायची नसते, कलम १८१ मध्ये तसं सरळ लिहिलंय. कस्टमवाल्यांचं मात्र उलटं, ते पोलीस धरले जात नाहीत, त्यांच्यासमोर सही करून दिलेला जबाब तुमच्याविरुद्ध वापरता येतो, म्हणून तिथं वकिलाशी बोलल्याशिवाय पानंच्या पानं लिहून देऊ नका. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कोणी करू शकत नाही, ते संविधानाच्या कलम २०(३) मध्ये आहे. पण गप्प राहणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं.

अमली पदार्थांचा संशय असेल तर एनडीपीएस कायदा लागतो आणि तो लै कडक आहे, त्याच्या कलम ४९ खाली तर संशयावरनं विमान खाली उतरवायला सुद्धा लावता येतं. पण त्यातच आपल्या बाजूचं कलम ५० आहे. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी अशी मागणी तुम्ही करू शकता, आणि हा हक्क आहे हे त्यांनीच तुम्हाला सांगायला पाहिजे. व्यवहारात काय होतं, एक छापील कागद पुढं येतो आणि त्यावर 'मला अशी झडती नको' असं आधीच टाईप केलेलं असतं, माणूस घाबरून सही ठोकतो. वाचा, पाहिजे असेल तर पाहिजे असं लिहा. हे फक्त अंगावरच्या झडतीला लागू, बॅगेला किंवा विमानाला नाही, हेही सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये स्पष्ट केलंय. बाईची अंगझडती बाईच घेणार, यात कुठंच सूट नाही.

निवडणुकीचं थोडक्यात. उमेदवार, त्याचा एजंट किंवा कार्यकर्ता यांच्या गाडीत ५० हजारांच्या वर रोकड सापडली की पथक जप्त करू शकतं. पैसे खरोखर कापसाचे, सोयाबीनचे किंवा दवाखान्याचे असतील तर जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती असते, जिल्हा परिषदेचे सीईओ, खर्च विभागाचे नोडल अधिकारी आणि कोषागार अधिकारी, तिथं कागद दाखवून पैसे सुटतात. पायलटचा नियम सोपा आहे, प्रत्येक बॅगेला नावाची चिठ्ठी, आणि 'कॅप्टन, एवढं पाकीट तिकडं भाऊंना द्या' याला हात जोडून नकार, देणारा कितीही मोठा असो. दुसऱ्याच्या बॅगेबद्दल विचारलं तर 'त्यांना विचारा' म्हणा, तुमची नसलेली बॅग तुम्ही उघडून दाखवू नका.

कायद्याच्या पुस्तकात नसलेलं एक काम तुमच्याकडंच आहे, ते म्हणजे विमान आणि माणसं दोन्ही सांभाळणं. हवालदार दादांनी आयुष्यात हजार गाड्या तपासल्या असतील, पण सेसनासारखं छोटं विमान नाही. ते पंखावर जिथं पाय ठेवू नका असं इंग्रजीत लिहिलंय तिथंच पाय ठेवतात, शेपटीच्या एलिव्हेटरला (हलणाऱ्या आडव्या फळीला) टेकून उभे राहतात, पिटो ट्यूबला, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीला, पिशवी अडकवतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे समोरचा पंखा हातानं फिरवून बघतात. चावी बंद असली तरी मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) वायर तुटलेली असेल तर इंजिन एक झटका मारू शकतं, आणि तेवढ्यात हात जातो. म्हणून झडती सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, 'पंख्याच्या रेषेत कोणी उभं राहू नका, त्याला हात लावू नका, काय उघडायचं ते मी किंवा इंजिनिअर उघडतो.' हेलिकॉप्टर असेल तर रोटर पूर्ण थांबेपर्यंत कोणालाच जवळ येऊ देऊ नका, मागच्या रोटरकडं तर नंतरही नाही. सुरक्षेचं कारण सांगितलं की पोलीस ऐकतात, तिथं कोणाचा इगो आड येत नाही.

आता अमेरिकेत शिकणाऱ्या लेकरांसाठी, कारण तिकडचा हिशोब आपल्या बरोबर उलटा आहे. तिथल्या विमान नियमांच्या ६१.३ प्रमाणे लायसन्स, मेडिकल आणि फोटो ओळखपत्र एफएए (तिथलं विमान वाहतूक खातं), एनटीएसबी (अपघात तपासणारं मंडळ), टीएसए (प्रवास सुरक्षा खातं) आणि कुठल्याही पोलिसाला, अगदी गावच्या शेरीफला सुद्धा, मागितलं की दाखवावं लागतं. विमानाच्या रजिस्ट्रेशनचंही तसंच. दाखवायचं, बघून झालं की परत घ्यायचं. पण कागद बघणं आणि विमान उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानात बघू का असं विचारलं आणि तुम्ही सवयीनं 'शुअर सर' म्हणालात की तिथल्या चौथ्या घटनादुरुस्तीनं दिलेला, विनाकारण झडतीपासून वाचवणारा हक्क तुम्हीच सोडलात, वॉरंटची गरजच उरली नाही. तिथं बेकायदा झडतीतला पुरावा कोर्ट बाहेर काढू शकतं, म्हणून तुमच्या नकाराला किंमत आहे. वाक्य पाठ करा: 'ऑफिसर, आय डू नॉट कन्सेंट टू ए सर्च.' ते तरीही आत शिरले तर आडवं उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही, फक्त तेच वाक्य परत म्हणायचं आणि कोण काय करतंय ते लक्षात ठेवायचं. ठोस संशयाला आधार असेल तर गाडीसारखं विमानही वॉरंटशिवाय तपासता येतं, तो वाद नंतर वकील कोर्टात घालेल.

मग विचारायचं, 'ॲम आय फ्री टू गो?' हो म्हणाले तर निघा. वास घेणारा पोलिसांचा कुत्रा येईपर्यंत थांबा असं म्हणाले तर कारण विचारा, मूळ काम संपल्यावर उगाच लांबवता येत नाही असं तिथल्या सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये गाडीच्या केसमध्ये सांगितलंय. बहामाज बेटांना क्रॉस-कंट्री म्हणजे लांबचं ट्रेनिंग उड्डाण करून परत फ्लोरिडात उतरलात तर हे सगळं विसरा, सीमेवर कस्टमला संमती लागत नाही. फेडरल अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हा तिथं स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळं गप्प बसा पण थाप मारू नका. तुम्ही व्हिसावर आहात, आय-९४ (तिथल्या प्रवेशाची नोंद) आणि पासपोर्टचे कागद जवळ असू द्या, आणि अटक झालीच तर भारतीय वकिलातीला कळवा असं स्वतःहून सांगा.

परत आपल्याकडं. अटक झाली तर कारण लेखी मागा, घरी कोणाला तरी कळवायला लावा, चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं. विमान जप्त झालं तर ते ठाण्याच्या नावावर महिनोन्‌महिने उन्हात सडू देऊ नका. सुंदरभाई देसाई केसमध्ये २००२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जप्त वाहनं उगाच अडकवून ठेवायची नाहीत, फोटो, पंचनामा आणि बाँड घेऊन परत द्यायची. बीएनएसएसच्या ४९७ आणि ५०३ खाली सुपूर्तनाम्याचा, म्हणजे विमान ताब्यात परत मिळण्याचा, अर्ज लगेच टाका, आणि निकाल लागेपर्यंत विमान हँगरमध्ये, कव्हर घालून, पिटोला टोपी लावून ठेवायची परवानगी त्याच अर्जात मागा, नाहीतर एप्रिल-मे मध्ये कुंभारमाशी त्या नळीत घर करून बसते आणि एअरस्पीड दिसत नाही.

झडतीत एखादं पॅनल, काउलिंग (इंजिनावरचं झाकण) किंवा सीट काढली असेल तर लगेच उडायचं नाही. एएमईला (लायसन्सवाल्या विमान देखभाल इंजिनिअरला) बोलवा, सगळं तपासून घ्या, लॉगबुकात नोंद करून घ्या, आणि त्याचं बिल जपून ठेवा. अधिकाऱ्याबद्दल तक्रार असेल तर एसपी ऑफिसला लेखी द्या, पोचपावती घ्या, आणि त्याच दिवशी विमानतळाला सीसीटीव्ही जपून ठेवा म्हणून पत्र द्या, ते फुटेज थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं.